उणे दहाची पिशवी

सोलापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

शिवयोगी,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तूही खुशालच असशील. नसतास तर त्याचं खापर एव्हाना माझ्या डोक्यावर फुटलं असतं.

तुझं पार्सल बुधवारी मिळालं. आभार मानायला हे पत्र लिहीत नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तीन वर्षं वेगळे राहूनही तुझी ती सवय गेलेली नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी मडिवाळप्पांबद्दल. अव्वा पायी श्रीशैलला जायचं म्हणते आहे, ते तुझ्या आईच्या डोक्यात मी भरवलेलं खूळ नाही. मंद्रूपला होती तोवर दर फाल्गुनात तिने दारावरून जाणारे जथे पाहिले, त्यांना ताक पाजलं, भाकऱ्या बांधून दिल्या. पाडव्याला मल्लय्याच्या दारात पोचायचं म्हणून माणसं विजापूर, रायचूर, कर्नूल करत शेवटी जंगलातून डोंगर चढून जातात, आणि ही त्यांच्या पाठी बघून घरात वळायची. यंदा मडिवाळप्पांनी आपल्या जथ्यात तिचं नाव घेतलं होतं. सामान टेम्पोत, माणसं पायी, मुक्काम ठरलेले. बासष्ट वर्षांची बाई, पण रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारते आणि मागे पडते ती मी.

मग तू मडिवाळप्पांना फोन केलास.

ते स्वतः घरी आले. बिचाऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "सावित्रम्मा, तुमच्या पोराचा फोन आलता. वाटंत आईला काय झालं तर पोलिसात तुमचं नाव देईन म्हनला. मला चाळीसभर मानसं न्यायची हायती की. माफी करा." अव्वाने त्यांना दारापर्यंत पोचवलं. ते जिना उतरून गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "टेम्पो त्यांचा हाय. रस्ता कुनाच्या बापाचा हाय का?"

तर आम्ही दोघीच जाणार आहोत. गणवेश शिवायचं माझं काम एप्रिलपर्यंत थंडच असतं, मशीन झाकून ठेवते. वाटेत ठिकठिकाणी यात्रेकरूंसाठी अन्नदानाचे दासोह असतात, जेवणाची चिंता नाही. झोपायला देवळांची आवारं आणि शाळांचे व्हरांडे. फक्त सामान पाठीवर घ्यावं लागणार, आणि ते तुझ्या कृपेने. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायची तुझी हौस जुनीच आहे. या वेळी ओझं तुझ्या आईच्या पाठीवर पडलं, एवढंच.

आता पिशवी. अव्वाने तुला फोन करून काय मागितलं होतं? "हलकंसं पांगरून धाड." मी शेजारीच होते, मी ऐकलं. तिला वाटलं, लेकाकडून एक वस्तू मागितली की त्याचा राग निवळेल. तू काय पाठवलंस? आपण लग्नानंतर हिमालयात गेलो होतो, तेव्हाची तुझी जुनी स्लीपिंग बॅग. उणे दहा अंशांची. सोलापुरात फेब्रुवारी संपायच्या आत पंख्याचा वारा गरम लागायला लागलाय, पुढे रायचूर आणि कर्नूल, आणि तू तिला बर्फात झोपायची पिशवी पाठवतोस! वर चिठ्ठी: "ही पाठीला लावून जिना वर-खाली करून दाखव. जमलं तर पुढचं बोलू."

आणि अव्वाचं काय झालं, सांगू? तिला आनंद झाला. तुझे वडील अण्णाराव आयुष्यभर चादरींच्या दुकानात बसले. गिऱ्हाइकाच्या तळहातावर चादर ठेवून म्हणायचे, वजन बघा, वजनात सगळं कळतं. अव्वा तेच शिकली आहे. तिने तुझी पिशवी दोन्ही हातांवर घेतली, खालीवर केली आणि मला म्हणाली, "किती जड हाय बग! भारीतली धाडली की पोरानं." तू तिला अडवायला ओझं पाठवलंस आणि तिने ती माया म्हणून मोजली. याचा मला किती संताप आला ते लिहिण्याएवढं माझं मराठी चांगलं नाही.

जिना तिने केला. दोनदा. तिसऱ्या वेळी मधल्या पायरीवर बसली आणि "चपलेचा अंगठा तुटला" म्हणाली. चपलेला अंगठा होता आणि शाबूत होता.

पिशवी या पत्रासोबत परत पाठवते आहे. एका बाजूने चिरलेली आहे. का चिरली, ते विचारू नकोस. वजनाखेरीज ती न चालण्याचं आणखी एक कारण आहे, पण अव्वाला मी शब्द दिला आहे.

तिच्यासाठी उन्हाळ्यात चालेल अशी बॅग मी शोधते आहे. गेले चार दिवस तेवढंच वाचते आहे. पिसांची बॅग हलकी, पण घामाने ओली झाली की तिचा गोळा होतो, आणि रस्त्यावर ती धुवायची कशी? कृत्रिम भरणाची जरा जाड, पण पहाटे पिळून पाठीवर टाकली तर दुपारपर्यंत वाळते. लेबलावर थंडीचे दोन आकडे असतात. एक सुखाने झोप लागण्याचा, दुसरा मरत नाही एवढाच. तू नेहमी दुसरा आकडा बघून वस्तू घेतोस. माणसंही तशीच सांभाळतोस.

हलकी हवी, पातळ हवी, हे तर आहेच. पण माझी पहिली अट वजनाच्याही वर आहे. बॅग पूर्ण उघडता आली पाहिजे. वरून खालपर्यंत, आणि पायाकडूनसुद्धा. बस्स. याहून जास्त या पत्रात लिहीत नाही.

अव्वा तुला आशीर्वाद सांगते. ती सांगते म्हणून लिहिला.

सिद्धेश्वरी


सोलापूर,
२७ फेब्रुवारी २०२५

शिवयोगी,

तुझं उत्तर पोचलं. टाइप केलेलं, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. बायकोला लिहितोस की टेंडर भरतोस? मायना नाही, अव्वाची विचारपूस नाही. काल महाशिवरात्र होती. तिचा उपास होता, म्हणून मी ते तिला आज वाचून दाखवलं. ती सगळं ऐकत बसली होती. मध्ये फक्त एकदा "पुन्ना वाच" म्हणाली. तो तुझा शेवटचा मुद्दा होता, की मंगळवारी गाडी घेऊन येतोस आणि तिला पुण्याला घेऊन जातोस, ती "हो म्हणो वा न म्हणो".

मी विचारलं, काय उत्तर देऊ? तिने ते कागद घडी घालून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "सांगून टाक त्याला समदं. मी सांगाया गेले की मला रडू येतंय. तू भांडून सांग."

तेव्हा आता भांडून सांगते. माझ्या शब्दातून तिने मला मोकळं केलं आहे.

तू लिहितोस, पिशवी चिरली त्यावरून माझा स्वभाव दिसतो, रागाच्या भरात मी वस्तूंवर हात टाकते. तर ऐक. पार्सल आलं त्या दुपारी जेवणं झाल्यावर अव्वाने तुझी पिशवी हॉलमध्ये फरशीवर पसरली. लेकाने पाठवलेली वस्तू, घालून बघायलाच हवी. आत शिरली. मला म्हणाली, चेन लाव. मी गळ्यापर्यंत लावली. टोपीची दोरी तिनेच आवळून घेतली आणि "झाले का मी एस्किमो" म्हणून हसली. हा शब्द तिला टीव्हीने शिकवला आहे. मी हसत हसत आत गेले, मशीनवर एक बाही अर्धी राहिली होती.

उकडायला लागलं म्हणून तिने आतून चेन ओढली. आतलं अस्तर चेनच्या दातांत अडकलं. चेन खाली येईना, वर जाईना. हात आत, टोपी तोंडावर. मी धावत आले तेव्हा ती फरशीवर लोळत होती आणि ओरडत होती. काय ओरडत होती ते ऐक, मी त्यात एक शब्द घातलेला नाही.

"शिवू, दार उगड. शिवू, बेडा रं, नगं. मी कुटं जात न्हाय. दार उगड."

मी कात्री आणली आणि पिशवी उभी चिरली.

ती बाहेर आल्यावर पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, काय ऐकलंस ते विसरून जा. मी म्हटलं, विसरत नाही, सांग. मग एकेक करून सांगितलं, आणि सांगताना दर दोन वाक्यांनी "पर त्याची चूक न्हाय" म्हणत राहिली.

पुण्यात तुझ्याकडे राहत असताना एकदा ती फिरायला गेली आणि सगळ्या इमारती सारख्या दिसल्या म्हणून चुकली, हे मला माहीत होतं. संध्याकाळी कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर सापडली, तुझा जीव टांगणीला लागला, तेही खरं. ती भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना तू बाहेरून कुलूप लावायला लागलास, हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. सणाला फोन केला की तू म्हणायचास, अव्वा मजेत आहे, तिला एसी मानवलाय. दूधवाला पिशव्या बाहेरच्या जाळीला लटकवून जायचा आणि ती जाळीतून बोटं घालून एकेक आत ओढायची. समोरच्या फ्लॅटमधली बाई बोलायला आली की दोघी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या. आयुष्यभर मैलोन् मैल चाललेली बाई हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये चालायची. आणि संध्याकाळी तू आलास की तुला गरम भाकरी करून वाढायची.

तू तिला चार दिवस सोबत घेऊन रस्ता दाखवला असतास. गळ्यात पत्त्याचं कार्ड घातलं असतंस. खालच्या वॉचमनला सांगितलं असतंस. यातलं प्रत्येक काम करायला वेळ लागतो. कुलपाला लागत नाही. म्हणून कुलूप. मी बाजारात गेले की फोनवर माझा ठिपका कुठे सरकतो ते बघत बसायचास, तेव्हा मला वाटायचं, याचा माझ्यावर विश्वास नाही. आता कळतं, तुझा कोणाच्याच पायांवर विश्वास नाही.

गेल्या वर्षी वैजयंतीच्या लग्नाला तू तिला इथे आणलंस. तुझ्याच मामेबहिणीचं लग्न. अक्षता पडल्या, तू जेवणाच्या पंगतीत होतास, आणि ती अंगावरच्या साडीनिशी कार्यालयातून निघून चालत माझ्या घरी आली. एकदाही चुकली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "सिद्धी, दोन दिवस ऱ्हाऊ का?" तू नातेवाइकांत सांगत फिरतोस की मी तुझी आई फोडली. मी तिला फक्त आत ये म्हटलं होतं.

तिच्या खोलीचं दार ती अजून लावत नाही. न्हाणीघराचंही अर्धं उघडं ठेवते. मला वाटायचं, म्हातारपणाची लहर असेल. म्हणून नव्या बॅगेची ती अट.

बॅग आली आहे. चौकोनी आहे, निमुळती नाही. चेन बाजूने खाली जाते आणि पायाखालून वळते. सगळी उघडली की गोधडीसारखी पसरते. टोपी नाही. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडते, आणि अस्तर अडकू नये म्हणून चेनच्या मागे मी जाड पट्टी शिवली आहे. वजन एका तांब्यातल्या पाण्याएवढं. जंगलात पहाटे गारवा असतो, तेव्हा आत साडी गुंडाळून झोपली की पुरेल. मी स्वतः गच्चीत दोन रात्री झोपून पाहिलं.

अव्वाला मात्र ती बघून रडू फुटायचं बाकी होतं. तळहातावर घेतली आणि म्हणाली, "फसवलं की तुला. ह्यात कायबी न्हाय." मी समजावून सांगितलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी दोरे आणायला बाजारात गेले, तर ही बॅग काखोटीला मारून गादीवाल्या पिंजाऱ्याकडे! त्याने एक बाजू उसवून चांगला पिंजलेला कापूस ठासून भरून दिला, वर टाकेही घातले. घरी आले तर जमिनीवर हे फुगलेलं लोढणं आणि शेजारी ती विजयी मुद्रेने बसलेली. हसू नकोस. आम्हाला हसायचा हक्क आहे, तुला नाही. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि तेच लोढणं पाठीला लावून पहाटे मंद्रूपला चालायला निघाली. मी मागून. विजापूर रस्त्याला ऊन चढल्यावर एका लिंबाखाली बसली, बॅग मांडीवर घेतली, दोन्ही हातांवर तोलून पाहिली. मग म्हणाली, "माया जड असती म्हनून जड ते समदं माया नसतंय की गं." त्याच दिवशी बसने परत आलो. पिंजाऱ्याकडे जाऊन कापूस तिने स्वतःच काढायला लावला. तो म्हणाला, आजी, कालच तर भरला. ही म्हणाली, "काल याड लागलं हुतं."

तुझा तिसरा मुद्दा राहिला. नवस असेल तर गाडीने एका दिवसात दर्शन करवून आणतो, खर्चाची काळजी नको. मी तिला विचारलं, कोणाचा नवस आहे का? "नवस कसला? पाय हायत म्हनून जाते. गाडीत बसून देव बगायचा तर भितीवरचा फोटो काय वाईट हाय?"

मंगळवारी तू येणार. ये. आम्ही बुधवारी पहाटे निघतो. मी दार अडवून उभी राहणार नाही, शेजारपाजार गोळा करणार नाही. दार उघडंच असेल, आमच्याकडे ते तसंच असतं. पण तिच्या दंडाला हात लावलास, तर मग मी भांडण लिहून करणार नाही.

इथून पुढचं अव्वा सांगते तसं लिहिते. यातलं अक्षर माझं आहे, शब्द तिचे.

"शिवू, सुकी ऱ्हा. मंगळवारी ये, जेवून जा. शेंगाची पोळी करून ठिवते. गाडी लांब लाव, हितं गल्लीत वळत न्हाय. पर मी गाडीत बसनार न्हाय. श्रीशैलास्नं आल्यावर बी पुन्याला येनार न्हाय. सिद्धी शिकवती म्हनून न्हाय. तिला तर मी गेलेली बरी, लई घोरते मी.

तू भ्यालास, मला म्हाईत हाय. मी बी भ्याले हुते. तू दोन वर्साचा हुतास. तुजा बाप सोलापूरला दुकानात, मी मंद्रूपला शेतात. विहीर उगडी, बांधाला साप. बाया म्हनायच्या, पोराला घरात घाल, कडी लाव, काम उरकून ये. समद्या लावायच्या. मी न्हाय लावली. डोईवर पाटी आन पाठीला तू, रोज शेतापातूर नेलं, रोज आनलं. लई जड हुतास रं तू."

तुझी,
अव्वा